दिवेलागणीचा धूमकेतू

"आजोबा, चेण्याच्या जंगलातल्या बिबट्यानं तुमच्याकडे तंबाखू मागितली होती, तसाच हा धूमकेतू ना? फोटो दाखवा, मग मानते," नात सान्वी म्हणाली.

यावेळी मी खरं बोलत होतो हो! सूर्य बुडाल्यावर जेमतेम पाच मिनिटं तो दिसायचा, आणि उद्यापासून सूर्याच्या उजेडातच गडप होणार होता. म्हणून मोबाइल रोखून आमच्या पूनम सागर सोसायटीच्या गच्चीवर उभा राहिलो. अखेर ढग बाजूला झाला, शेपटीसकट धूमकेतू समोर आला, आणि मी बटण दाबणार तोच खाली रस्त्यावरचे दिवे लागले.



दिवा लागला की नमस्कार करायचा, ही आईनं लावलेली सवय. मोबाइलसकट हात जुळले, डोळे मिटले, उघडून बघतो तर ढग पुन्हा जागेवर.