मनासारखा हिरवा

दातांच्या डॉक्टरांनी प्लॅस्टिकची फ्रिसबी घरीच रंगवायचं मनावर घेतलं आणि आठवडाभर स्वयंपाकघर बळकावलं. रंग उकळून तीन पातेली कामातून गेली, हिरवीगार बोटं बघून पेशंट तोंड उघडेनात. पण मनासारखा हिरवा काही साधेना.

"अहो, लाल करा आणि मोकळे व्हा," बायको वैतागली.

"लाल काय, कुणीही करतं! कलेतलं तुला नाही कळायचं."

अखेर हवा तो हिरवा साधला आणि डॉक्टरांच्या कुंचल्यातून फ्रिसबीभर गवताची पाती उमटली. रविवारी अख्खं घर मैदानावर नेऊन डॉक्टरांनी ती मोठ्या झोकात भिरकावली.



तासभर गुडघ्यांवर रांगत गवत चाचपून झाल्यावर बायको पहिल्यांदाच मनापासून म्हणाली, "काही म्हणा, रंग मात्र अगदी हुबेहूब जमलाय हं!"