राजमातेचं वाक्य

"मास्तर, शेवटी जिजाऊंचं एक वाक्य टाका. त्याशिवाय टाळ्या पडत नाहीत," म्हणत आमदारांनी भाषणाचा कागद परत दिला.

भानुदास मास्तरांना तसलं वाक्य आठवेना. इतिहासाच्या पेपरात मनचं लिहिणाऱ्यांना त्यांनी चाळीस वर्षं शून्य दिलं होतं. आता त्यांनी स्वतःच मनचं लिहिलं. गेल्या वर्षी वारलेली त्यांची बायको, वत्सला, रोज सकाळी त्यांचं पांघरूण ओढत म्हणायची तेच: "उठा, गाव जागं झालं. अजून किती निजणार?"

सभेत आमदार गरजले, "राजमाता म्हणाल्या होत्या..." आणि सगळं मैदान उभं राहिलं. शेजारचा म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "आमच्या आजोबांच्या तोंडी होतं बघा हे." मास्तरांनी मान डोलावली. दुसरं करणार काय?

वत्सला गेल्यापासून मास्तर नऊ वाजले तरी अंथरुणातच असत. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच प्रचाराची रिक्षा गल्लीत शिरली आणि भोंगा ओरडला, "उठा, गाव जागं झालं. अजून किती निजणार?"

"उठलो गं, कशाला ओरडतेस," मास्तर म्हणाले आणि पांघरुणाची घडी घालू लागले.