वरचा पाऊस

रेडिओवर सांगितलं, "खालच्या गावांत कडक ऊन, आकाश निरभ्र. वर डोंगरात विजांसह पाऊस."

उकडलेला खजूर वाळत घालायला खल्फान दरसालसारखा कोरड्या नदीतल्या तापलेल्या गोट्यांवर निघाला.

शम्सा म्हणाली, "अहो, आज नका जाऊ. पाऊस सांगितलाय."

"अगं, तो डोंगरात! आपल्याकडे ऊनच आहे. जरा नीट ऐकत जा की."

दुपारी डोंगरातलं पाणी नदीतून लोंढ्यानं खाली आलं. खजूर गेला, खल्फानही गेला.

समाचाराला आलेल्या बायका चिडून म्हणाल्या, "मेल्या रेडिओवाल्यांनी आधी सांगायला नको?"

अंगणात दोरीवर खल्फानचा पांढरा झगा कडकडीत वाळला होता. शम्सा त्याच्याकडे बघत म्हणाली, "सांगितलं होतं. गावात थेंबसुद्धा पडला नाही बघा."