लेडीज डब्यातला महिपत

“पोरीकडं गेलते अन् त्याच दिवशी वापस? काऊन?” शेजारच्या चंपतरावांनी सुपारी कातरता कातरता विचारलं.

चहाचा ट्रे घेऊन ओसरीवर येणारी प्रियदर्शनी दारातच थांबली. हैदराबादच्या नोकरीतून ती पोळ्यापुरती घरी आली होती. हा प्रश्न तिने बापाला दोन महिन्यांत एकदाही विचारला नव्हता. फोनवर बापलेक पावसावर बोलत. पावसावर बरंच बोलता येतं.

तिच्या बापाने, महिपतने, आधी ट्रेकडे पाहिलं, मग चंपतरावांकडे.

“पोरीपर्यंत पोचलोच कुठं! सिकंदराबादेत लोकल धरली, तं नेमका बायकाच्या डब्यात घुसलो. डोक्यावर शेंगांचं पोतं. पुढच्या ठेसनावर पोलिसानं बकोट धरून उतरवलं ना राज्या!”

ओसरी हसली. चंपतरावांचा अडकित्ता थांबला. त्यांच्या मानाने हे खदाखदा हसणंच होतं.

“बायकाईनं सांगतलं नाई, का डबा आमचा हाय म्हून?”

“सांगतलं असंन. तेलुगूत बोलून राह्यल्या होत्या. मले काय समजते?”

हसू जागच्या जागी लंगडलं. गाव मराठी बोलणारं, पण तेलंगणातलं; गेली वीस वर्षं मंडल कचेरीत गावाच्या वतीने तेलुगू बोलायला जात होता तो महिपतच. कोणाचं पासबुक अडो की पेन्शन, महिपत धुतलेला सदरा घालून निघायचा. गावात त्याला मान होता तो एवढ्यासाठीच. कापूस काय, सगळ्यांच्याच वावरात होता.

“कचेरीत तं फडफड बोलता तुमी,” चंपतराव म्हणाले.

“शहराची येगळी असते भाऊ. अन् खरं सांगू? कचेरीतबी मी मानच हालवतो. सायब करते ते सायबच करते.”

प्रियदर्शनी अजून दारातच होती. त्या दिवशी ती त्या डब्यात दारापाशीच उभी होती, ऑफिसातल्या दोघींसोबत. बापाने तिला फलाटावरून पाहिलं होतं आणि म्हणूनच तो चढला होता. “पोरी,” एवढंच म्हणाला. ती मोबाइलमध्ये बघत राहिली. कोण गं हा, असं एकीने विचारलं तेव्हा तिने स्वच्छ तेलुगूत सांगितलं होतं, कोण जाणे, मी नाही ओळखत.

तेलुगू तिला बापानेच शिकवली होती, सायकलच्या दांडीवर बसवून, रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लावून. तरी दोन महिने ती स्वतःला समजावत होती, की गाडीच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसेल.

कोपऱ्यातल्या गयाबाईने पदर सारखा केला. विधवा पेन्शनसाठी उद्या तिला महिपतसोबत कचेरीत जायचं होतं.

“मंग उद्याचं राहू द्या महिपतभाऊ,” ती म्हणाली. “मी शेजारच्या भूषणले नेईन, थोडी तेलुगू येते त्याले.”

“ने,” महिपत म्हणाला. वीस वर्षं एका अक्षरात आटोपली.

“पन त्या डब्यात आपल्याकडचं कोनीच नोतं काय?” चंपतरावांना गोष्ट अजून सोडवत नव्हती.

“असतं तं मले उतरू देलं असतं काय?”

हे सगळ्यांना पटलं. चंपतरावांनी मानही डोलावली.

प्रियदर्शनी बाहेर आली आणि खाली मान घालून एकेकापुढे ट्रे धरत गेली. बापापुढे धरला तेव्हा त्याने एक कप उचलला आणि गयाबाईकडे वळला.

“भूषणले काऊन वो? हिलेच ने. दोन दिवस हाय ती.”

गयाबाईने पोरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “इले येते काय सायबापुढं बोलाची तेलुगू?”

“साफ येते.” महिपतने बशीत चहा ओतला, फुंकर मारली. “म्या आयकली हाय.”