जोडपास

लंबूचं डोकं पाहुणीच्या खांद्यावर कललं, तेव्हा बस विमानतळाच्या फाटकातून धड बाहेरही पडली नव्हती. मागच्या सीटवर बुटकी बसली होती. तिच्या मुठीत जोडपास होता.

त्या पासासाठी तिनं कमी खेटे घातले नव्हते. "आम्ही दोघी येतोय गं. टॅक्सी परवडायची नाही, बसचं स्वस्तातलं काहीतरी बघून ठेव," असं लंबूनं परदेशातून फोनवर सांगितलं, आणि कारखान्यातलं शिवणयंत्र थांबलं की बुटकी डबा तसाच ठेवून डेपोच्या खिडकीकडे पळू लागली. साधं तिकीट महाग, आठवड्याचा पास त्याहून महाग. शेवटी खिडकीतल्या बाईनंच जोडपास सुचवला. एका पासावर दोघं, दिवसभर कुठंही हिंडा. फक्त बरोबर चढायचं, बरोबर उतरायचं.

"तुम्ही आणि मिस्टर का?"

"छे हो, मैत्रिणी."

"मग भांडू नका दोघी. एक रुसून मधेच उतरली, की दुसरीचा पास गेला!"

पास येणाऱ्या दोघींसाठी आहे, असं सांगून बाईचा समज खोडायचं बुटकीच्या जिभेवर आलं होतं. तिनं खोडला नाही.

मघाशी बसमध्ये ती सगळ्यांच्या आधी चढली. खिडकीपाशी बसली, शेजारी पिशवी ठेवून जागा धरली. लंबू चढली ती पाहुणीचा हात धरूनच.

"बुटके, मी हिच्याजवळ बसते हं. हिला इथलं काही कळत नाही."

आणि आता हे डोकं. शाळेच्या बसमध्ये ते याच खांद्यावर पेंगायचं. खांदा अवघडायचा, मुंग्या यायच्या, पण झोप मोडेल म्हणून बुटकी श्वाससुद्धा बेतानं घ्यायची. पाहुणीही हलत नव्हती. तेच जास्त झोंबत होतं.

पाहुणीनं मान तेवढी मागे वळवली. हसली. शिकवलेले शब्द जपून जपून मांडत म्हणाली, "तू बुटकी. ती सांगते. खूप सांगते."

"हो का?" बुटकी म्हणाली. ते नाव तिच्या आणि लंबूच्या दोघींतलंच होतं. घरच्यांनाही माहीत नव्हतं.

कंडक्टर आला. "पास, तिकीट?"

बुटकीनं मूठ उघडली. घामानं पास मऊ पडला होता.

"जोडपास. आणि एक तिकीट द्या, शेवटच्या थांब्याचं."

कंडक्टरनं पुढं बघितलं. एकमेकींना टेकलेल्या दोघी. एक गाढ झोपलेली, दुसरी तिच्यासाठी पुतळा झालेली. पासाला भोक पाडायला त्यानं चिमटा उचलला. "जोडी या पुढच्या दोघींची, आणि तिकीट तुमचं. बरोबर?"

हो म्हणायला काही लागणार नव्हतं. नाही म्हणायलाही लागणार नव्हतं. भाडं दोन्हीकडून तेवढंच.

"नाही," बुटकी म्हणाली. "जोडी आमची. मी आणि ती झोपलीय ती. तिकीट त्या बाईंचं."

कंडक्टरनं खांदे उडवले, पासाला भोक पाडलं, तिकीट फाडून पुढं दिलं. पाहुणीनं मोकळ्या हातानं ते घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि पुन्हा मान वळवली.

"आभार, बुटकी."

बुटकीनं पास घडी न करता पदराखाली धरला.

कंडक्टर पुढं निघाला होता, तो थबकला. "जोडी म्हणता, आणि बसलात पुढं-मागं? ती पिशवी खाली ठेवा, बोलवा की त्यांना इकडं. जागा रिकामीच आहे."

"रिकामी नाही," बुटकी म्हणाली. पिशवीवर हात ठेवून ती खिडकीबाहेर बघू लागली. "धरून ठेवलीय."