अडकलेलं पेडल

गाडीचा नंबर वाचला आणि गिरिधरच्या हातातला पाना जागच्या जागी थांबला. टेम्पोला दोर बांधून आणलेली ती जुनी काळी विलायती गाडी नंदनवन भागातल्या त्याच्या गॅरेजपुढे उभी होती. टेम्पोतून एक म्हातारा काठी टेकत उतरत होता.

अकरा वर्षं गिरिधरनं हा नंबर मनात घोकला होता. म्हातारा म्हणजे लाकडाच्या वखारीवाले मनोहरराव. सदुसष्ट साली याच गाडीखाली इतवारीत गिरिधरची बायको पंचफुला गेली. बहिणीच्या लग्नासाठी पितळेची कळशी घ्यायला ती भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभी होती, आणि गाडी पायरीवर चढली. मनोहररावांनी कोर्टात सांगितलं, की ॲक्सिलरेटरचं पेडल दाबलं ते परत वर आलंच नाही. तपासणीचा तसा कागदही आला आणि ते सुटले. कोर्टात मागच्या बाकावर बसलेल्या गिरिधरला कोणी काही विचारलं नाही. पैसेवाल्याचंच पेडल बरं अडकतं, असं तो तेव्हापासून भेटेल त्याला ऐकवत आला होता.

म्हाताऱ्यानं त्याला ओळखलं नाही. खटल्यानंतर गाडी टिनाच्या शेडमध्ये गेली ती आजच बाहेर निघाली, मधे कोणी बॉनेटलाही हात लावला नाही, असं त्यांनी सांगितलं. पूर्वी गाडी दुरुस्तीला नेण्यापासून सगळं त्यांचा ड्रायव्हरच बघायचा, तो वारला. आता मुलानं कामठीचं गिऱ्हाईक आणलं होतं. पेडलचं काम झालं की गाडी द्यायची, पण त्याआधी मनोहरराव स्वतःच ती कामठीपर्यंत चालवून बघणार होते.

गिरिधरनं चहा मागवला. शिकार पायांनी चालत दारात आल्यावर घाई कशाला करायची?

पेडलपासून इंजिनापर्यंतचा दांडा आणि त्याला मागे ओढणारी स्प्रिंग त्यानं सोडवली. ग्रीस आणि धूळ बसून त्याचा एकच काळा गोळा झाला होता. तो त्यानं ट्रेमध्ये टाकला आणि नव्या स्प्रिंगचं काय करायचं याचा विचार करत बसला.

करण्यासारखं पुष्कळ होतं. स्प्रिंगच्या टोकाच्या आकड्याऐवजी कच्ची तार बांधली, की रस्त्यात कुठेतरी ती तुटणार आणि पेडल खालीच राहणार. तारेच्या कामात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. विलायती पार्ट मिळत नसत त्या काळात इतवारीत उस्तादाच्या हाताखाली त्यानं शेकड्यानं गाड्या तांब्याच्या तारेवर चालवल्या होत्या. पण नेमकी तिथेच पंचाईत होती. गिरिधर डावखुरा, त्याच्या तारेचा पीळ जगाच्या उलटा पडायचा. शिवाय कोणाच्या हाताला टोचू नये म्हणून तो तारेचं टोक आत दुमडायचा. कुठलाही मेकॅनिक बॉनेट उघडताच ओळखायचा. अशी तार बांधणं म्हणजे खुनाच्या खाली सही करण्यासारखं होतं.

आणि म्हातारा एका झटक्यात मेला तर त्याला काय कळणार? गिरिधरनं चांगली स्प्रिंग बसवली आणि पक्की आवळली.

तेवढ्यात मनोहरराव चहाचा ग्लास बाजूला ठेवून म्हणाले, "एक विचारू का गा? पेडल अडकलं व्हतं की नाही, तू पाहून सांगू शकते?"

"काहून? कोर्टानं तर सांगितलंच असंल."

"तो कागद म्या विकत घेतला व्हता. मले खरं माहीतच नाही. माही बायको मरेपर्यंत म्हणे, तुमचा पायच व्हता. मले आठवते का पेडल अडकलं, पण मन खोटंही आठवते ना बापा."

अकरा वर्षं गिरिधर ज्याची वाट पाहत होता, ते त्या माणसानं आपल्या हातानं त्याच्यापुढे आणून ठेवलं होतं. त्यानं ट्रेकडे नजरही वळवली नाही.

"पेडलले काही झालं नव्हतं," तो म्हणाला. "तुमचाच पाय व्हता. आन् जे मेली, ते माही बायको व्हती."

मनोहरराव कितीतरी वेळ आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिले. मग काठी भिंतीला टेकवून, गुडघे धरत ते खाली वाकले आणि त्यांनी गिरिधरच्या पायांवर डोकं ठेवलं. सत्तरीचा माणूस, गिरिधरच्या बापाच्या वयाचा. गिरिधरनं पाय मागे घेतले नाहीत.

गाडीची किल्ली त्यांनी बाकावर ठेवली. आता आपल्याच्यानं ती चालवणं होणार नाही, एवढं म्हणाले आणि सायकलरिक्षा करून निघून गेले. गिरिधर दारात उभा राहून रिक्षा वळेपर्यंत बघत होता. त्याला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. पंचफुला गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला पोटभर जेवावंसं वाटलं.

काढलेला जुना पार्ट धुऊन, कागदात बांधून गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा, ही उस्तादाची शिस्त त्यानं कधी मोडली नव्हती. आज तर तो स्वतः वखारीवर जाऊन देणार होता. म्हाताऱ्याचा तो चेहरा त्याला आणखी एकदा बघायचा होता.

त्यानं डब्यात रॉकेल ओतलं, काळा गोळा त्यात बुडवला आणि ब्रश फिरवायला घेतला. अकरा वर्षांचा मळ हळूहळू सुटला. दांडा दिसू लागला, मग स्प्रिंग. स्प्रिंगचा आकडा मात्र नव्हता. त्याच्या जागी तांब्याची तार बांधलेली होती, आणि ती मधोमध तुटली होती.

गिरिधरनं ती फडक्यानं पुसली आणि दारातल्या उजेडात धरली. पीळ उलटा होता, आणि टोक आत दुमडलेलं होतं.