कौतुकाची वही

नातीचं वजन करायला नर्सबाई घरी आल्या आणि सासूबाईंना सुनेचं कौतुक किती सांगू नि किती नको असं झालं. सूनही नर्सच, मोठ्या दवाखान्यातली. "बाळंत होऊन दीड महिना झाला, पण रडणं नाही, कुरकुर नाही. आणि ही वही तर बघाच."

वहीत सगळं सुवाच्य अक्षरात होतं. दूध कधी द्यायचं, औषधाचे थेंब किती, कुठल्या खांद्यावर घेतलं की शांत होते, लसींच्या तारखा. कपाटात पार शाळेत जाईपर्यंतचे कपडे, वयाच्या चिठ्ठ्या लावून.

"नोकरीतली सवय हो. मला काही म्हणून विचारावं लागत नाही."

वजन अगदी छान भरलं होतं. तरी नर्सबाई उठल्या आणि खिडकीपाशी बसलेल्या सुनेजवळ जाऊन बसल्या.

"आजी, अशी वही आम्हीही रोज लिहितो," त्या म्हणाल्या. "ड्युटी संपवून निघताना. पुढच्या बाईसाठी."

मग त्यांनी सुनेचा हात घट्ट धरला. "तुझी ड्युटी कधी संपतेय, बाळा?"

"अहो, ती रजेवर आहे," सासूबाई हसून म्हणाल्या. "अजून चार महिने."

सुनेने दीड महिन्यात पहिल्यांदाच मान वर करून कुणाकडे नीट पाहिलं.

"आज," ती म्हणाली. "आई तिला घेऊन खाली फिरायला गेल्या की."